नियोजित स्थलांतर

सकाळपासून अंगद एकाच वाक्यापाशी अडून बसला होता. वाक्य लहान होतं. कोरियाच्या लढाईत नर्स म्हणून काम केलेल्या एडना नावाच्या अमेरिकन बाईने आपल्या आठवणींत लिहिलं होतं, की एका हिवाळ्यात पहाटे स्वयंपाक्याने तंबूत डोकं घातलं आणि म्हणाला, "बायांनो, बग आऊट." एवढंच. या दोन शब्दांचं त्याला रशियन करायचं होतं. वैतागून शेवटी त्याने ते भाषांतराच्या यंत्राला विचारलं. यंत्राने उत्तर दिलं, 'किडे बाहेर'.

त्याने लॅपटॉप मिटला आणि पंख्याखाली जाऊन उभा राहिला. मे महिना होता. पंख्याचा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा लागत होता.

भोकरदनमध्ये बसून कोणी इंग्रजीचं रशियन करतो हे ऐकलं की लोक आधी हसत आणि मग हमखास विचारत, "म्हंजे दवाखाना कवा टाकणार मंग?" कारण अंगद रशियाला गेला होता तो डॉक्टर व्हायला. आणि झालाही होता. व्होल्गाकाठच्या एका शहरातून त्याने पदवी आणली होती. पण तिकडची पदवी इकडे चालायची तर एक परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती काही त्याच्या हाती लागत नव्हती. दर खेपेला थोडक्यात हुकायची. पहिल्यांदा घरच्यांनी धीर दिला, दुसऱ्यांदा देवाला दोष दिला, आणि त्यानंतर घरात त्या विषयावर बोलताना सगळे आवाज खाली करू लागले.

रशियन भाषा मात्र टिकली होती. तिकडे वर्गात इंग्रजी चालायचं, पण वॉर्डात नाही. कुठं दुखतंय हे आजीबाईला तिच्याच बोलीत विचारावं लागायचं आणि तिची चार शिव्यांची प्रस्तावना ऐकून घ्यावी लागायची. बाकीची पोरं कामापुरतं शिकली. अंगदला त्या आजीबायांची भाषाच आवडून गेली. परत आल्यावर त्याने ऑपरेशनच्या यंत्रांची माहितीपत्रकं रशियनमध्ये करून दिली, आणि त्या ओळखीतून उरलकडच्या एका लहान प्रकाशनाने त्याला हे पुस्तक दिलं. पुस्तकात पानोपानी जखमा, टाके आणि रक्ताच्या बाटल्या होत्या. इंग्रजी आणि दवाखाना दोन्ही कळणारा माणूस त्यांना हवा होता. अंगद कच्चं रशियन करायचा आणि लारिसा अर्काद्येव्हना नावाच्या संपादक बाई ते घासूनपुसून घ्यायच्या.

तीनशे पानं सुरळीत गेली असती. अडलं ते या 'बग आऊट'पाशी, कारण एडनाबाईच्या पुस्तकात तो शब्द जागोजागी होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याची चव वेगळी होती. मुळात ती सैनिकांची बोली. शत्रू आला, गुंडाळा आणि सुटा, असा अर्थ. पुस्तकाच्या सुरुवातीला बंदुका टाकून पळालेल्या एका तुकडीबद्दल सगळे तो शब्द थुंकल्यासारखा वापरतात. पण पुढे एडनाचं तंबूंमधलं फिरतं रुग्णालयच शत्रूच्या तडाख्यात सापडतं. मग नर्सा, डॉक्टर, स्वयंपाकी, सगळे जखमींना ट्रकमध्ये घालून रात्रंदिवस मागे सरकत राहतात आणि त्यालाही हसत हसत 'बग आऊट'च म्हणतात.

अंगदने सुरुवातीला 'अत्स्तुपात्' लिहून पाहिलं. म्हणजे मागे हटणे. शब्द बरोबर होता, पण इस्त्री केलेला. थंडीने काकडलेला स्वयंपाकी पहाटे असं बोलणार नाही. मग त्याने 'स्मातिवात ऊदच्की' आणलं. शब्दशः म्हणजे मासे धरायचे गळ गुंडाळणे, आपण गाशा गुंडाळणे म्हणतो तसं. पण त्यात सहलीचा वास येत होता. शेवटी त्याने 'द्रापत' लिहिलं, ढुंगणाला पाय लावून पळणे, आणि त्याच अंगाने नर्सांच्या तोंडी 'द्राप-मार्श' घातलं. कवायतीतला 'मार्च' आणि पळपुटेपणा यांची जुन्या सैनिकांनी थट्टेत बांधलेली मोट ती. त्याला वाटलं, जमलं.

लारिसाबाईंचा आवाजी निरोप दुपारी आला. त्यांचा आवाज सिगारेटने खरखरीत झालेला होता.

"अंगद पुंजारामोविच," त्या म्हणाल्या. वडिलांचं नाव जोडून हाक मारायची तिकडची रीत. "तुमच्या नर्सा भित्र्या वाटतात हो. 'द्रापत' म्हणजे घाबरून पळणं. या बायांनी तर जखमींना सोबत नेलं. वाचकाला वाटेल, तुम्हाला त्या आवडत नाहीत."

अंगदने उत्तर रेकॉर्ड केलं, पुसलं, परत केलं. "लारिसा अर्काद्येव्हना, त्या स्वतःच स्वतःला तसं म्हणतात. तीच तर गंमत आहे."

"गंमत इंग्रजीत असेल. रशियनमध्ये मला ती दिसत नाही. दाखवा."

दाखवा म्हणणं सोपं होतं. त्याने चार दिवस दाखवायचा प्रयत्न केला. आज एक शब्द जावा, उद्या दुसरा, परवा पुन्हा पहिला. एकदा तर स्वतःचीच दुरुस्ती त्याने नव्याने सुचवली आणि लारिसाबाईंनी अतिशय सभ्यपणे ते लक्षात आणून दिलं. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

बाजाराच्या दिवशी त्याचे वडील पुंजाराम केदारखेड्याहून आले. म्हातारबुवांनी कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवली, तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"हे कवा संपून राह्यलं?"

"एका शब्दावर अडलोय, आबा."

"एका शब्दावर?"

"हां."

पुंजारामांना यात चेष्टा आहे का नाही ते कळेना. "मंग दुसरा टाक की एखादा. अन् परीक्षेचा फॉर्म भरला का? मिरचीवाल्या धर्मराजचा पाहुणा सांगू राह्यला, तारीख जवळ आली म्हणून."

"भरतो."

"भरतो म्हणतो, भरत न्हाई." मग ते जरा हलक्या आवाजात म्हणाले, "ह्या पुस्तकावर तुझं नाव राहणार ना? छापून?"

"राहणार. आतल्या पानावर, लहान अक्षरात. रशियनमध्ये."

"लहान का व्हईना. म्या पारावर सांगून ठेवलंय सगळ्यांला." आणि ते समाधानाने उठले. जिना उतरताना परत एकदा फॉर्मची आठवण करून गेले.

अंगदची बायको प्रियदर्शनी समोरच्याच रस्त्यावरच्या खासगी दवाखान्यात नर्स होती. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली दुकानं, आणि जिन्याखालच्या बंद खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. त्या बॅटऱ्या तापतात, खोलीला खिडकी करा, असं ती वर्षभर सांगत होती. डॉक्टरसाहेब दर वेळी "करू की" म्हणायचे.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी अंगदला खालून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पाहतो तर दवाखान्याच्या जिन्यातून काळा धूर निघत होता आणि रस्त्यावर माणसं नुसती उभी राहून वर बघत होती. तो पायात चप्पल न घालताच धावला.

जिन्यातच प्रियदर्शनी भेटली. तोंडाला ओली ओढणी बांधलेली, आणि दोघी मावश्यांसोबत चादरीत धरून आणलेली एक बाळंतीण. आदल्या दिवशीच तिचं सिझेरियन झालेलं.

"बाळ माझ्याजवळ द्या," अंगद म्हणाला.

"बाळ खाली गेलं सत्यशीला सिस्टरबरोबर. तुम्ही वर जा, धर्मराजभाऊ वरच आहेत. पायाला वजन लावलेलं आहे, नुसतं ओढू नका."

धर्मराज पिंपळगाव रेणुकाईचे मिरचीचे व्यापारी. मांडीचं हाड मोडून पडले होते आणि देहानेही चांगले घसघशीत होते. धुरात त्यांचं खोकणं ऐकूनच अंगदला खाट सापडली. त्याने वजनाची दोरी सोडली, पाय सरळ रेषेत ताणून धरला आणि चादर खाली सरकवली. तेवढ्यात प्रियदर्शनी मावश्यांना घेऊन परत वर आली. चौघांनी मिळून त्यांना जिन्यावरून उतरवलं. प्रत्येक पायरीला धर्मराज आईची आठवण काढत होते. ऑक्सिजनवरच्या म्हातारबाबांना सत्यशीलाने आणि मेडिकलवाल्याने उचललं. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर अग्निशमनवाल्यांना फोन करायला म्हणून सगळ्यांच्या आधीच खाली गेला होता. तो फोन काही संपत नव्हता.

आग अशी फारशी लागलीच नाही. बॅटऱ्या जळाल्या, भिंत काळी झाली, धूर निघून गेला. समोरच्या लग्नाच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून सगळ्या पेशंटांना झोपवलं. एकालाही काही झालं नाही. प्रियदर्शनीने सगळ्यांचं बीपी घेतलं, धर्मराजच्या पायाला विटा बांधून परत ताण दिला, आणि मग हॉलच्या मागच्या मोरीत जाऊन बराच वेळ ओकत राहिली.

संध्याकाळी तिच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. धर्मराजचा पुतण्या सूरज चहाच्या टपरीवर उभा होता, त्याने तिथूनच काढलेला. धूर, ओरडा, आणि चादर घेऊन जिन्यातून बाहेर पडणाऱ्या नर्सा. खाली लिहिलं होतं, 'आग लागताच दवाखान्याचा स्टाफ पळाला, पेशंट वाऱ्यावर.'

तिने तो दोनदा पाहिला. "पळाला?" ती म्हणाली. "मी हातात काय धरलंय ते दिसून राह्यलं ना यात? बाई हाय ती. टाके ओले होते तिचे."

"दिसतंय."

"मंग पळाला काय?"

अंगदने सूरजला फोन लावला. सूरज म्हणाला, "दादा, वहिनींला थोडीच म्हणलं म्या, स्टाफला म्हणलं." आणि व्हिडिओ तसाच राहिला. तो मग भोकरदनहून जाफराबादला गेला, तिथून जालन्याला, आणि जाता जाता त्यात दोन माणसं दगावल्याचंही कोणीतरी लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब संभाजीनगरहून परतले. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि प्रियदर्शनीच्या हातात एक कागद दिला. हा कागद कॅमेऱ्यासमोर वाचायचा, म्हणजे बदनामी थांबेल. ती वाचत गेली. 'विद्युत दुरुस्तीच्या कामानिमित्त दवाखान्यातील रुग्णांचे पूर्वनियोजित स्थलांतर करण्यात आले. कोणतीही आपत्कालीन परिस्थिती उद्भवलेली नव्हती.'

"सर, नियोजित कुठं होतं?" तिने विचारलं.

"अगं, शब्द आहे तो. वाचून टाक."

"धूर होता, सर. म्हातारबाबांची नळी काढून आणलं आम्ही त्यांना."

"तेच तर सांगायचं नाही."

तिने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. मग काउंटरवरच्या मुलीने तो वाचला. त्या महिन्यापासून प्रियदर्शनीला वॉर्डातून काढून बाहेरच्या इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. शिक्षा म्हणून नाही, असं डॉक्टरसाहेबांनी आवर्जून सांगितलं.

कागद नाकारला त्या संध्याकाळी ती घरी आली ती भांडी आदळतच. दोन दिवस तिचं कोणाशी धड बोलणं नव्हतं. पळाला म्हणणारे एकीकडे, काही झालंच नाही म्हणणारे दुसरीकडे. चादर धरून खांदे भरून आलेल्या बाईला दोघांच्याही मध्ये उभं राहायला जागा नव्हती. अंगद समजूत घालायला गेला की ती म्हणायची, "तुम्ही तुमचे किडे बाहेर काढा."

रविवारी सत्यशीला आली. दोघी स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसल्या. अंगद बाहेरच्या खोलीत त्याच पानावर होता. आतून आधी कुजबुज, मग एकदम हसणं ऐकू आलं.

"तुला सांगते," प्रियदर्शनी म्हणत होती, "तू बाळ घेतलं अन् जी सुटलीस, मला वाटलं डायरेक्ट जालन्याच्या बसमध्येच बसती का काय."

"अन् तू? तू तर धर्मराजभाऊला टाकून पळतच होतीस. जड हाय म्हणून."

"अगं, पळालेच मी. एका चादरीत चार मण घेऊन पळाले."

दोघी पुन्हा हसल्या. हसता हसता सत्यशीलाला रडू फुटलं, आणि प्रियदर्शनीने तिला पाणी दिल्याचा आवाज आला.

अंगद की-बोर्डवर हात तसेच ठेवून ऐकत राहिला. परवा याच शब्दासाठी तिने मोबाइल भिंतीवर मारायचा बाकी ठेवला होता. आज तोच शब्द ती स्वतःहून तोंडात खेळवत होती, आणि फक्त सत्यशीलासमोर. सूरजला तो म्हणायची मुभा नव्हती. डॉक्टरसाहेबांनी तो पुसून वर दुसरा डकवला, तेही तिला चाललं नव्हतं.

त्याने त्याच बैठकीत लारिसाबाईंना लिहायला घेतलं. लिहिलं, की आपण दोघंही 'बग आऊट'साठी एक शब्द शोधत होतो, तिथेच चुकलं. एक शब्द नकोच. अधिकारी बोलतील तेव्हा त्यांचा इस्त्रीचा 'अत्स्तुपात्' वापरू. पायदळातल्या पळालेल्यांबद्दल लोक बोलतील तेव्हा 'द्रापत', सगळ्या तिरस्कारासकट. आणि नर्सा आपसात बोलतील तेव्हा 'द्राप-मार्श', पण केवळ आपसात. बाहेरच्या एकाही माणसाने नर्सांबद्दल तो उच्चारायचा नाही. म्हणजे वाचकाला शब्दावरूनच कळेल, की कोण ट्रकमध्ये होतं आणि कोण बाहेर उभं राहून बघत होतं. मग त्याने धुराची आणि चादरीची सगळी हकीकत लिहिली, कारण ती सांगितल्याशिवाय म्हणणं पटेल असं त्याला वाटेना.

या वेळी लारिसाबाईंनी फोनच केला.

"माझी आई दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात नर्स होती," त्या म्हणाल्या. "तिच्या मैत्रिणी आल्या की आम्हा मुलांना बाहेर काढायच्या. दाराआडून हसू ऐकू यायचं. असंच असेल काहीतरी." मग म्हणाल्या, "करा. तुम्ही म्हणता तसं करा. मी सांभाळते."

पुढचे दिवस अंगदला फार बरे गेले. शब्द आपापल्या जागी जाऊन बसत होते. सगळ्यात अवघड प्रकरण त्याने दोनच बैठकांत संपवलं. त्यात पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेले काही जखमी हलवले तर दगावतील, म्हणून एडना त्यांच्याजवळ मागे राहते आणि बाकीचं रुग्णालय ट्रकमध्ये बसून निघून जातं. लारिसाबाईंनी त्यात जवळजवळ काहीच बदललं नाही. हे अंगदला कौतुकापेक्षाही मोठं वाटलं.

छपाईआधीची शेवटची प्रत आली ती जुलैमध्ये. त्याने आधी तेच प्रकरण उघडलं. पहाटे स्वयंपाकी तंबूत डोकं घालून म्हणत होता, "बायांनो, नियोजित पेरेदिस्लकात्सिया."

अंगदला आधी वाटलं, आपण चुकीची प्रत उघडली. पेरेदिस्लकात्सिया म्हणजे स्थलांतर. तळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, नकाशावर बाण काढून. त्याने पूर्ण पुस्तक चाळलं. सगळीकडे तेच. नर्सा आपसात हसत नियोजित स्थलांतर म्हणत होत्या. बंदुका टाकून पळालेली तुकडीसुद्धा आता नियोजित स्थलांतर करत होती. शब्दाला कोणाचाही रागलोभ उरला नव्हता.

त्याने फोन लावला. लारिसाबाईंनी तो बऱ्याच वेळाने उचलला.

"वरून आलंय," त्या म्हणाल्या. "मुख्य संपादक म्हणतात, आपले सैनिक आघाडीवर आहेत, सैन्य पळतं यावर विनोद करायची ही वेळ नाही. कोणतंही सैन्य. अमेरिकनसुद्धा."

"पण हे सत्तर वर्षांपूर्वीचं आहे."

"मी सांगितलं."

"त्या बाईने लिहिलेलं आहे हे. तिचं आयुष्य आहे. तुम्ही म्हणाला होता, मी सांभाळते."

"म्हणाले होते." पलीकडे काडी ओढल्याचा आवाज झाला. "अंगद पुंजारामोविच, मला निवृत्तीला थोडे महिने राहिलेत. मी भांडले. माझ्यात होतं तेवढं भांडले. तुम्हाला ओरडायचं असेल तर ओरडा, मी ऐकते."

अंगदला ओरडायचंच होतं, पण ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस फोनवर नव्हता. त्याचं नावही अंगदला माहीत नव्हतं. त्याने त्या मुख्य संपादकांना एक लांबलचक पत्र लिहिलं, उदाहरणं दिली, पानं दाखवली. उत्तर दोन ओळींचं आलं. आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. पुस्तक नियोजित वेळेत प्रसिद्ध होईल.

'नियोजित' वाचून त्याने लॅपटॉप आदळून मिटला.

मग त्याने त्याच्या हातात होतं ते एकच केलं. या पुस्तकावर भाषांतरकार म्हणून माझं नाव टाकू नये, असं लिहून कळवलं. तसं करायची मुभा करारात होती. त्यांनी ते लगेच मान्य केलं. इतकी लगेच, की अंगदला अजूनच राग आला. निदान एकदा तरी विचार करा म्हणायला हवं होतं.

प्रियदर्शनीला त्याने जेवताना सांगितलं. तिने घास खाली ठेवला.

"आबांला काय सांगणार?"

"तेच तर."

"तुम्हाला वाटत असंल, म्या कागद वाचला न्हाई म्हणून तुम्ही नाव काढलं, अन् मला लई बरं वाटंल."

"वाटत नाही का?"

"न्हाई," ती म्हणाली. "मला वाईट वाटून राह्यलं. त्या कागदापायी माझा वॉर्ड गेला. आता तुमचं नाव गेलं. अन् तिकडं सगळं त्यांच्याच मनासारखं झालं."

ते खरं होतं.

रविवारी दोघं केदारखेड्याला गेले. मका कमरेएवढा आला होता. संध्याकाळी अंगणात त्याची आई उषाबाई भाकऱ्या थापत होत्या आणि पुंजाराम बाजेवर बसले होते. अंगदने इकडचं तिकडचं न करता दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. पुस्तकावर नाव येणार नाही. आणि परीक्षेचा फॉर्म त्याने भरला नव्हता, पुढेही भरणार नव्हता.

उषाबाईंचा हात परातीत थांबला. पुंजाराम मक्याकडे तोंड करून बसले.

"पाच-सहा डाव बसला," ते म्हणाले, "अजून एक डाव बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"दर वेळी तेच म्हणलो आपण, आबा."

"मंग करणार काय तू?"

"भाषांतर. यंत्रांची पुस्तकं येतात. डॉक्टरकीची येतात. ते काम मला चांगलं येतं."

"चांगलं येतं, अन् नाव काढून टाकतो." पुंजारामांचा आवाज चढला. "पारावर काय सांगू म्या? चुकी केली का तू काही?"

"मी न्हाई केली. त्यांनी बदललं."

"काय बदललं?"

अंगदने सांगायला सुरुवात केली आणि लगेच अडला. बग आऊट, अत्स्तुपात्, पेरेदिस्लकात्सिया. यातलं काय सांगणार? पुंजाराम कपाळाला आठ्या घालून वाट बघत होते. मग त्याने शब्द सोडून दिले आणि त्या बाईची गोष्टच सांगितली. थंडी, बर्फ, डोंगराआडून येणारा तोफांचा आवाज. ट्रक कमी, जखमी जास्त. पोट शिवलेले, ज्यांना हलवताच येणार नव्हतं असे काही जण, आणि त्यांच्यापाशी राहिलेली एक नर्स. बाकीच्या बाया ट्रकमध्ये चढल्या. त्यातली एक तिला ओरडून म्हणाली, एडने, आम्ही पळून राह्यलो गं, चहा करून ठेव. आणि ट्रक गेले.

उषाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली नव्हती. प्रियदर्शनीने पुढे होऊन ती उलटली.

"मंग?" पुंजाराम म्हणाले.

"रात्रभर ती बाई एकेकाच्या उशाशी जाऊन बसली. दोघं जण गेले. बाकीचे टिकले."

"अन् त्या पळालेल्या बाया?"

"दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन परत आल्या. पुढं जखमी उतरवले, अन् तसंच माघारी फिरल्या."

"मंग ही काय म्हणली त्यांना?"

"म्हणली, आल्या का पळपुट्या. अन् एकेकीच्या गळ्यात पडून रडली."

पुंजाराम हुंकारले. चुलीतलं लाकूड त्यांनी काठीने आत सारलं.

"अन् रशियात हे असं न्हाई छापलं?"

"न्हाई. तिथं त्या म्हणतात, एडना, आमचं नियोजित स्थलांतर हाय."

"ट्रकमधून ओरडून?"

"ट्रकमधून ओरडून."

प्रियदर्शनीच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. पुंजारामांना मात्र हसू आलं नाही. ते उठले, धोतर झटकलं आणि गोठ्याकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "तरी पण नाव राहू द्यायचं होतं. कोण वाचणार होतं इथं?"

अंगदला ते लागलं. तो त्यांच्या मागे गोठ्यापर्यंत गेला आणि कोण वाचणार हा प्रश्नच नाही, हे पहिल्यापासून सांगू लागला. म्हैस पाणी पीत होती, पुंजाराम पेंड कालवत होते, आणि अंगद हातवारे करत बोलतच होता. इकडे भाकऱ्या निवत होत्या. शेवटी उषाबाईंनी चुलीजवळूनच हाक मारली, की दोघं आधी जेवून घ्या आणि मग काय भांडायचं ते भांडा.